रिबन जपून वापर

बाबा मला शोधत गेम पार्लरमध्ये आले तेव्हा मी एका भूतबंगल्यात टाईपरायटरसमोर उभा होतो. म्हणजे मी नव्हे, जिल उभी होती, जिल व्हॅलेंटाईन, पण सलग दोन तास खेळल्यावर तिच्यात आणि माझ्यात तसा काही फरक उरलेला नसतो. साल 2000, मी नववीत, वेळ संध्याकाळी साडेसातची, म्हणजे ज्या वेळेला मी गणिताच्या क्लासला असायला हवं होतं नेमकी ती.

पार्लर म्हणजे काय तर वरळी नाक्याजवळच्या गल्लीतला एक छोटा गाळा. तीन टीव्ही, तीन करड्या रंगाची प्लेस्टेशन, तिन्ही चिप टाकलेली म्हणजे लॅमिंग्टन रोडवरच्या कॉपी सीडी चालतील अशी, आणि त्यातलं एक कायम उलटं ठेवलेलं कारण सरळ ठेवलं की ते सीडी वाचायचंच नाही. तासाला वीस रुपये. बाकीची पोरं टेकन थ्री खेळायची, आरडाओरडा, शिव्या, बटणांचा खडखडाट, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर मी एकटा रेसिडेंट एव्हिल घेऊन बसलेला. पार्लरवाला मला वैतागायचा कारण माझ्या टीव्हीसमोर गर्दी जमायची आणि बघणारे पैसे देत नाहीत.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1996 चा गेम, कॅपकॉम नावाच्या जपानी कंपनीचा, तिकडे त्याला बायोहझार्ड म्हणतात, शिंजी मिकामी हा डायरेक्टर. अमेरिकेतल्या एका गावाबाहेर जंगलात मोठा जुना बंगला आहे, पोलिसांची स्पेशल टीम कुत्र्यांपासून पळत पळत आत शिरते आणि आत काय काय आहे ते तुम्ही एकेक दार उघडून शोधायचं. भुतं म्हणजे आपल्यासारखी पांढऱ्या साडीतली नाहीत, झॉम्बी आहेत, आणि पुढे पुढे त्याचं कारण पण औषधाच्या कंपनीचा व्हायरस वगैरे निघतं, पण पहिले दोन-तीन तास ते काही माहीत नसतं, तेव्हा तो शुद्ध भूतबंगलाच असतो. लांबच्या लांब जेवणाचं टेबल, टिकटिक करणारं मोठं घड्याळ, आणि शेजारच्या बोळात एक माणूस पाठमोरा बसून काहीतरी खातोय. तो हळूच मान वळवून तुमच्याकडे बघतो. बस. पहिल्यांदा तो वळला तेव्हा माझ्या मागे उभ्या असलेल्या चार जणांपैकी दोघं घरी निघून गेले, क्लास आहे म्हणाले, दोघांनाही क्लास नव्हता.

तर या गेममध्ये सेव्ह कुठेही करता येत नाही. बंगल्यात ठरावीक खोल्यांत टाईपरायटर ठेवलेत आणि तुमच्याकडे शाईची रिबन असेल तरच तिथे सेव्ह होतं. एक सेव्ह म्हणजे एक रिबन गेली. रिबनी मोजक्या. मेलात की शेवटच्या टाईपरायटरपासून पुन्हा, मग मधे तास गेलेला असो की दीड तास, आणि माझ्या बाबतीत तो तास वीस रुपयांचा होता.

आणि माझे बाबा टायपिस्ट होते. फोर्टात एका वकिलाच्या ऑफिसात, सव्वीस वर्षं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही.

"सुटला का क्लास?" मागून आवाज आला. मी वळलोच नाही. मला वाटलं आता कानाखाली बसणार, टेकनवाल्या पोरांनी पण गेम पॉज केला, असल्या बाबतीत पोरांना फार गोडी असते. पण काहीच झालं नाही. मी हळूच मागे बघितलं तर बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते टीव्हीकडे बघत होते.

"हे काय?"

"टाईपरायटर."

"ते दिसतंय मला. इथे कशाला ठेवलाय?"

मी सांगितलं. आत्तापर्यंतचं सगळं यावर टाईप करून ठेवायचं, पुढे मेलो तर इथून चालू.

"मग कर की टाईप."

"रिबन एकच आहे. एकदा वापरली की संपते."

बाबा हसले. त्या गाळ्यात, ऑफिसची पिशवी काखेत धरून, मोठ्याने. "एकदा वापरून संपते? अरे एका रिबनीत मी महिना काढतो. फिकी झाली की उलटी लावायची, खालचा भाग वर. ती पण फिकी झाली की मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि रात्रभर डब्यात. कोणी बनवलंय हे? त्याला सांग माझ्याकडे ये."

पार्लरवाला पण हसला. त्याने कोपऱ्यातलं स्टूल सरकवून दिलं आणि बाबा बसले. पुढे काय आहे, त्यांनी विचारलं. म्हटलं माहीत नाही, दार आहे. त्यांनी विचार केला, म्हणजे खरोखर केला, कपाळाला आठ्या वगैरे, आणि म्हणाले, "मग राहू दे. रिबन जपून वापर. पुढे जास्त गरज लागली तर?"

मी नाही वापरली. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं त्या बंगल्यात फिरलो. बाबा प्रत्येक दाराला "थांब, थांब" म्हणायचे. या गेममध्ये दार उघडलं की स्क्रीन काळी होते आणि काळोखात नुसतं दार हळूहळू उघडताना दिसतं, बिजागऱ्या करकरतात, तुम्ही जणू उंबऱ्यावर उभे आहात. खरं तर ती सीडीवरून पुढची खोली लोड व्हायची वेळ असते आणि ती वेळ झाकायला हे दार दाखवतात, पण मला वाटतं मशीनच्या आळसाचा एवढा चांगला उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल. प्रत्येक दाराला पाच-सहा सेकंद, आणि तेवढ्यात माणूस स्वतःच स्वतःला घाबरवून घेतो, गेमला वेगळं काही करावं लागत नाही. चौथ्या की पाचव्या दारापलीकडे दोन झॉम्बी होते. गोळ्या तीन. मी दोन वाया घालवल्या. बाबांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की मला नीट बटणं दाबता येईनात, आणि जिल मेली.

वीस मिनिटं पाण्यात. पार्लरवाल्याने घड्याळ दाखवलं. बाबांनी शर्टाच्या खिशातून पैसे काढून दिले, माझे पण त्यांनीच दिले. घरी जाताना ते काही बोलले नाहीत, मी तर नाहीच नाही. चाळीच्या जिन्याशी आल्यावर म्हणाले, "चूक झाली. वापरायला पाहिजे होती." बाबांनी चूक झाली म्हटलेलं मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. आणि मग लगेच, "आईला काय सांगायचं ते तू ठरव, मी क्लासच्या बाहेर उभा होतो."

मी पुढे भीतीचे गेम खूप खेळलो, आजही खेळतो, आणि लोक विचारतात तुला भीतीचं एवढं काय आवडतं. खरं सांगायचं तर मला त्यातली भुतं कधीच फार आवडली नाहीत. मला त्यातली कंजुषी आवडते. त्या बंगल्याच्या गेममध्ये सुरुवातीलाच दोघांपैकी एक निवडायचा असतो, क्रिस घेतलात तर तुम्हाला सहा वस्तू बाळगता येतात, जिल घेतलीत तर आठ. बंदूक एक जागा, गोळ्या एक, रिबन एक, औषधाची पानं एक, आणि मग समोर किल्ली येते आणि घ्यायला जागा नसते. मग काय टाकायचं, काय पेटीत ठेवायचं, परत यायला जमेल का, वाटेत कोण आहे. अमेरिकेतल्या पोरांना याची सवय नसणार, मोठी घरं, गॅरेज, तळघर. आमच्यासाठी ते रोजचंच होतं. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली, 160 स्क्वेअर फूट, माणसं सहा. आईने त्यात जे केलं होतं ते बघितलं असतं तर मिकामीने हात जोडले असते. पलंगाखाली ट्रंक, ट्रंकेत गोधड्या, गोधड्यांत गणपतीचं सामान, माळ्यावर वर्षाचे तांदूळ आणि तांदळाच्या डब्यामागे बाबांचा जुना टाईपरायटर जो ऑफिसने भंगारात काढला तेव्हा त्यांनी आणला होता. नवीन वस्तू घरात आली की आईचा पहिला प्रश्न, किती रुपये हा नाही, "ठेवणार कुठे?"

बारावीनंतर सेकंडहँड कॉम्प्युटर आला (ठेवणार कुठे? मोरीच्या कट्ट्यालगत, वर प्लास्टिक) आणि त्यावर त्याच गेमची पीसीवाली कॉपी मी आणली. आई पोळ्या लाटता लाटता बघायची. एकदा म्हणाली, "केवढा बंगला आहे रे, आणि राहायला कोणी नाही?" म्हटलं आहेत ना, ही भुतं. "मग रिकामा कुठाय," ती म्हणाली, "राहतायत की ती. तूच घुसलायस."

ते मला आजपर्यंत पटलेलं आहे.

बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या, इंग्रजांनी बांधलेल्या, तळमजला अधिक तीन. मधून लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या, एका मजल्यावर वीस. पॅसेजमध्ये दिवसासुद्धा अंधार कारण उजेड यायला जागाच नाही, आणि संडास कॉमन. रात्री दोन वाजता जायचं असेल तर दाराची कडी काढायची आणि पॅसेजमध्ये पाऊल टाकायचं, बल्ब असला तर असला. मी सात-आठ वर्षांचा असताना आजीच्या माचिसच्या काड्या घेऊन जायचो, एक काडी पेटवायची, विझेपर्यंत पळायचं. खूप वर्षांनी कळलं की 1982 मध्ये अटारीचा एक गेम आला होता, भुताळी घराचाच, त्यात स्क्रीनवर तुम्ही म्हणजे नुसते दोन डोळे, अंधारात, आणि हातात काडी. बघून मला जाम हसू आलं, म्हटलं हा तर आमचा पॅसेज.

पॅसेजमध्ये दिसायचं काही नाही पण ऐकू सगळं यायचं. घासत चालणारी चप्पल म्हणजे कदमकाका, खोकला आणि मग थांबणं म्हणजे तळमजल्यावरचे मास्तर, पटपट अनवाणी म्हणजे कोणाचं तरी पोर. आणि ज्या पावलाचं नाव आठवत नाही त्याची भीती. आता रेसिडेंट एव्हिलमध्ये कॅमेरा तुमच्या हातात नसतो, तो खोलीच्या एका कोपऱ्यात टांगलेला असतो, सीसीटीव्हीसारखा, तुम्ही पुढे गेलात की कट होऊन दुसऱ्या कोपऱ्यातून दिसतं. त्यामुळे वळणापलीकडे काय आहे ते जिलला दिसत असणार पण मला दिसत नाही. मला फक्त ऐकू येतं. लाकडावर पाय घासत कोणीतरी येतंय. ही कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याची युक्ती आली 1992 च्या अलोन इन द डार्क या फ्रेंच गेममधून, त्यात पण लुइझियानातला बंगला, सुरुवात माळ्यावर, आणि पहिलंच काम काय तर कपाट ढकलून खिडकीला लावायचं म्हणजे बाहेरचं जनावर आत येणार नाही. ढकलायला कपाट मोकळं पाहिजे पण. आमच्या कपाटावर दोन बॅगा, बॅगांवर पंखा आणि पंख्यावर पतंग.

बाकी दारं, मोजकं सामान, बंगल्यात सापडणाऱ्या चिठ्ठ्या, यातलं बरंचसं कॅपकॉमच्याच 1989 च्या स्वीट होम नावाच्या जुन्या गेममधून आलंय, तो बनवणारे तोकुरो फुजिवाराच पुढे मिकामीचे साहेब. स्वीट होममध्ये पाच जण बंगल्यात जातात आणि एखादा मेला की मेला, परत येत नाही, उरलेल्यांनी निभवायचं. तो मी पुढे कधीतरी इम्युलेटरवर, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवतात त्या सॉफ्टवेअरवर, थोडासा खेळलो, डोळे दुखले, सोडला.

आजी आमची संगमेश्वरकडची. मे महिन्यात उकाड्याने सगळे पॅसेजमध्ये अंथरुणं टाकायचे तेव्हा ती गोष्टी सांगायची आणि तिच्याकडे भुतांची जातवार यादी असायची, मुंजा पिंपळावरचा, हडळ पाणवठ्यावरची, देवचार राखणदार, त्याला नारळ दिला की काही करत नाही. पण मला खरी भीती वाटायची ती चकव्याची. चकवा दिसत नाही, मारत नाही, काही मागत नाही. तो फक्त वाट फिरवतो. तुम्ही रात्री बांधावरून घरी निघालात, चालताय चालताय आणि पुन्हा त्याच आंब्याखाली. पुन्हा निघालात, पुन्हा तोच आंबा. पण फांदी मगाशी इकडे होती ना?

2014 च्या ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन फोरवर पी.टी. नावाचा छोटासा फुकट गेम आला, एका मोठ्या गेमची जाहिरात म्हणून, हिदेओ कोजिमा या जपानी डायरेक्टरचा. एका घरातला एक काटकोनात वळणारा बोळ. चालत जायचं, शेवटचं दार उघडायचं, आणि तुम्ही पुन्हा त्याच बोळाच्या सुरुवातीला. पुन्हा चालायचं. दर वेळेला काहीतरी एक बदललेलं असतं, दिवा, रेडिओ, फोटो, किलकिलं दार. जगभर लोक याला काय काय म्हणाले, मी तिसऱ्या फेरीलाच म्हटलं, अरे हा चकवा आहे. आजीने वीस वर्षांपूर्वी हाच सांगितला होता, फुकटात, वर खोबऱ्याची वडी. पुढे तो मोठा गेम रद्द झाला आणि 2015 मध्ये हा छोटा पण स्टोअरमधून काढून टाकला, ज्यांच्या मशीनवर होता त्यांच्याकडेच राहिला. माझ्या मित्राकडे होता. त्याने मशीन विकलं. त्यावर मी अजून त्याच्याशी धड बोलत नाही.

आता रिबन राहिलेली नाही. 2005 च्या रेसिडेंट एव्हिल फोरमध्ये टाईपरायटर ठेवला पण रिबन काढून टाकली, हवं तेवढ्या वेळा सेव्ह करा. ते मी बाबांना फोन करून सांगितलं होतं, तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. ते म्हणाले, "मग उमटतं कशाने?" 2019 च्या दुसऱ्या भागाच्या रिमेकमध्ये तर गेम आपणहूनच सेव्ह करत राहतो, रिबन लागते ती फक्त सगळ्यात अवघड मोडमध्ये. मी अर्थात त्याच मोडमध्ये खेळलो. बायको म्हणाली मुद्दाम त्रास करून घ्यायची हौस आहे तुला. असेल.

पण मला एक कळलं नाही कधी. असले गेम संपवतात ना लोक, तेव्हा शेवटी सगळ्यांच्या पेटीत ढीगभर सामान उरलेलं असतं. गोळ्या, औषधं, रिबनी. पुढे लागेल, पुढे लागेल करत जपलेलं, आणि शेवटचा राक्षस मेला की ते सगळं तिथेच. मी पहिल्यांदा तो बंगला पार केला तेव्हा माझ्याकडे सात रिबनी उरल्या होत्या. सात! आणि मी मधे किती तास पुन्हा पुन्हा खेळलो होतो त्या वाचवायला.

बाबा 2016 ला गेले. चाळ पाडायची म्हणून खोली खाली करायला घेतली तेव्हा माळा उतरवायचं काम माझ्याकडे आलं. तांदळाचा डबा, त्यामागे टाईपरायटर, कॅरेज गंजून अडकलेली, तो भंगारवाल्याला दिला, देताना मला काही विशेष वाटलं नाही कारण पाठ मोडायला आली होती. पण त्याच्या शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रिबनी. पाच कोऱ्या, सेलोफेन पण न काढलेलं, आणि सहावी अर्धी वापरलेली, उलटी लावून फिकी झालेली, तेलाचा वास अजून येत होता. ऑफिसात कॉम्प्युटर आल्याला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या लॉटच्या चाव्या वाटल्या, त्यात आमचा नंबर लागला. 160 चे 500 स्क्वेअर फूट. दोन बेडरूम, लिफ्ट, संडास घरात, एक सोडून दोन. आई पहिले पंधरा दिवस झोपली नाही. आवाजच येत नाही म्हणते, शेजारी माणसं मेलीत की जिवंत कळत नाही, दार लावून बसतात. रात्री उठून या खोलीतून त्या खोलीत फिरते, दिवा न लावता, आणि मी पाणी प्यायला उठलो की दोघंही दचकतो.

परवा भाचा आला होता, नऊ वर्षांचा, हॉलमध्ये बसून मोबाईलवर ग्रॅनी खेळत होता. तो गेम 2017 चा, एका म्हातारीच्या घरात तुम्ही अडकलाय, पाच दिवसांत सुटायचं, आणि जमिनीवर साधा डबा जरी पडला तरी म्हातारी ऐकते आणि दंडुका घेऊन येते. भाच्याने हेडफोन काढून आईला दाखवलं, आजी बघ, हिला सगळं ऐकू येतं. आई म्हणाली त्यात काय, मला पण यायचं, वीस बिऱ्हाडांतलं. मग ती कपाट आवरायला घेतलेलं तिकडे वळली आणि आतून ओरडली, "अरे हा बिस्किटांचा डबा कोणाचा, आत रिबनी आहेत त्यांच्या, टाकू का?"

म्हटलं राहू दे गं, एकच जागा अडवतोय.